घरोघरचा इतिहास : मिडल गावच्या वहीवरून एक धडा

प्रास्ताविक

इतिहासाच्या तासाला मुले पानिपतच्या तिसऱ्या लढाईचे वर्ष बिनचूक सांगतात. परंतु शाळेच्या वाटेवर जो पडका वाडा लागतो तो कोणी बांधला, त्यात कोण राहत होते आणि ते कोठे गेले, असे विचारले असता वर्ग गप्प बसतो. यात मुलांचा दोष नाही. पाठ्यपुस्तक साऱ्या राज्यासाठी लिहिलेले असते. त्यात एकेका गावच्या एकेका घराला जागा मिळणे शक्य नाही. ती जागा गावानेच करून द्यावयाची असते, आणि गावात हे काम करण्यास शाळेइतकी योग्य संस्था क्वचितच सापडेल.

परंतु कामास आरंभ कसा करावयाचा? ज्या गावात राजा झाला नाही, लढाई झाली नाही, शिलालेख नाही, त्या गावाचा इतिहास कशाच्या आधारे लिहावयाचा? या प्रश्नाचे एक उत्तम उत्तर तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका वृद्ध शेतकऱ्याने आपल्या वहीत लिहून ठेवले आहे. ती वही कशी तयार झाली हे प्रथम पाहू आणि मग आपल्या गावी तिचा उपयोग कसा करता येईल याचा विचार करू.

मिडल गाव आणि रिचर्ड गॉफ

इंग्लंडच्या पश्चिम भागात, वेल्सच्या सीमेलगत, श्रॉपशर नावाचा परगणा आहे. त्याचे मुख्य नगर श्रूझबरी. तेथून उत्तरेस सुमारे आठ मैलांवर मिडल हे लहानसे गाव वसले आहे. गाव व आसपासच्या वाड्या मिळून एका चर्चच्या कक्षेत येणाऱ्या मुलखास तिकडे ‘पॅरिश’ म्हणतात. पूर्वी पॅरिशचे काम केवळ धर्मापुरते नव्हते. जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी ठेवणे, निराधारांच्या पोटाची सोय करणे आणि त्यासाठी घरोघर पट्टी बसविणे, हीही कामे पॅरिशकडेच असत. आपल्याकडील ग्रामपंचायत आणि देवस्थान यांची कामे एकत्र केली असता पॅरिशची थोडीफार कल्पना येईल.

मिडल पॅरिशमधील न्यूटन या वाडीत १६३५ साली रिचर्ड गॉफ याचा जन्म झाला. घरची शेती होती. तो राजघराण्यातला नव्हता, सरदार नव्हता, की विद्यापीठातील पंडितही नव्हता. लहानपणी चांगले शिक्षण मिळाल्यामुळे त्याला लॅटिन भाषा येत होती, आणि तरुणपणी एका स्थानिक न्यायाधीशाकडे कारकुनी केल्यामुळे दस्तऐवज वाचण्याची सवय जडली होती. १७०० साली, वयाच्या पासष्टीत, त्याने आपल्या पॅरिशची हकीकत लिहावयास घेतली आणि १७०२ पर्यंत ती पुरी करीत आणली. १७२३ साली तो वारला. त्याच्या हयातीत हे लिखाण छापले गेले नाही. १८३४ साली त्याचा काही भाग आणि १८७५ साली ते संपूर्ण छापून निघाले. आज इंग्लंडमधील ग्रामजीवनाचा अभ्यास करणारा विद्यार्थी ते वाचल्यावाचून पुढे जात नाही.

बाकांवरून घरे, घरांवरून माणसे

गॉफच्या लिखाणाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात पॅरिशच्या सीमा, रस्ते, तळी, जमिनी व जुने अवशेष यांचे वर्णन आहे. असे वर्णन इतरांनीही केले आहे. त्याचे वैशिष्ट्य दुसऱ्या भागात आहे.

त्या काळी चर्चमध्ये कोणी कोठे बसावयाचे हे ठरलेले असे. बसण्याचे बाक माणसाच्या मालकीचे नसून घराच्या मालकीचे मानले जाई. घर विकले की त्याबरोबर बाकही नव्या मालकाकडे जाई. पुढच्या रांगांत मोठे जमीनदार, मधल्या रांगांत बागाईतदार व कुळे, मागे व कडेला झोपड्यांतून राहणारे मजूर, असा क्रम होता. बाकांच्या हक्कावरून तंटे होत. कोणते बाक कोणत्या घराचे, हे नव्या पिढीस ठाऊक राहावे म्हणून गॉफने चर्चमधील बाकांचा नकाशा काढला आणि एकेका बाकापुढे त्या घराची हकीकत लिहिण्यास सुरुवात केली. हे घर कोणी बांधले, जमीन कोणाकडून कशी आली, मुले किती झाली, कोणाचे लग्न कोणत्या गावी झाले, कोण कर्जात बुडाला, कोणी नवी शेते लागवडीखाली आणली, असे लिहिता लिहिता साऱ्या पॅरिशचा दोन शतकांचा जीवनपट उभा राहिला. आरंभी हेतू हक्काच्या नोंदीचा होता, पण अखेरीस इतिहास हाती आला.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. बाक सर्वांनाच होते. म्हणून हकीकतही सर्वांची आली. जमीनदाराचे घर लिहून झाल्यावर वही मिटली गेली नाही. शेवटच्या रांगेतील मजुराच्या झोपडीपर्यंत ती पोचली. सामान्य माणसांची इतकी बारीक माहिती देणारे त्या काळचे दुसरे लिखाण इंग्लंडमध्येही दुर्मिळ आहे.

घरे काय सांगतात

मिडल येथे एक किल्लेवजा गढी होती. चौदाव्या शतकाच्या आरंभी स्ट्रेंज या सरदार घराण्याने ती बांधली. तिचा शेवटचा रखवालदार हंफ्री किनॅस्टन हा दुर्वर्तनी निघाला व १४९१ साली कायद्याने बहिष्कृत ठरून रानोमाळ झाला. पुढे गढी ओस पडून ढासळली. आज तिच्या एका जिन्याच्या बुरुजाचा अवशेष तेवढा शिल्लक आहे. सत्ता गेली की वास्तूही जाते, हा धडा मुलांस आपल्याकडील पडक्या गढ्यांवरूनही शिकविता येईल.

शेतकऱ्यांच्या घरांची गोष्ट निराळी आहे. तेथील पुष्कळ घरे व शेते जमीनदाराकडून ‘तीन हयातीं’च्या पट्ट्याने घेतलेली असत. पट्ट्यात तीन व्यक्तींची नावे लिहीत. त्या तिघांपैकी शेवटची व्यक्ती जिवंत असेपर्यंत घर त्या कुटुंबाकडे राही. पट्ट्यातली माणसे अकाली गेली तर पुन्हा रक्कम भरून पट्टा नवा करावा लागे; ते न जमले तर घर सोडण्याची वेळ येई. त्यामुळे एखाद्या मुलाचे आजारपण ही केवळ आईबापांच्या दुःखाची बाब नसे. त्यावर चूलही अवलंबून असे. घराच्या भिंती आणि घरातील माणसांचे आयुष्य यांचा संबंध किती जवळचा असतो, हे याहून स्पष्ट करणारे उदाहरण मिळणे कठीण.

काही घराणी टिकली, काही बुडाली. बॉल्डरटन येथील मोठे घर थोड्याच काळात अनेकांच्या हातांतून गेले. गॉफ अशा बुडालेल्या घरांची कारणे देतो. ऐपतीबाहेरचा खर्च, कोर्टकचेऱ्या, जामीनकी आणि दारू ही ती कारणे होत. ही यादी वाचून मराठी वाचकास परक्या देशाचा भास होणार नाही.

सोळाव्या व सतराव्या शतकांत मिडलच्या परिसरातील रान तोडून कुरणे करण्यात आली. त्याबरोबर बाहेरून आलेल्या गरीब कुटुंबांनी रानाच्या कडेला व पडीक जमिनीवर लहान झोपड्या उभारल्या. एका ठिकाणी तर डोंगरातील गुहेला धुराडे बांधून तिचेच घर केले होते. गॉफने या गुहेचीही नोंद घेतली आहे. पुष्कळ घरांतील मुले लंडनला धंदा शिकण्यास किंवा चाकरीस जात. त्या दूरच्या राजधानीचा उल्लेख गॉफ नेहमीच्या बाजारगावासारखा सहज करतो. कोकणातील व घाटावरील किती घरांची एक खोली आजवर मुंबईच्या गिरणीत वा गोदीत गेलेल्या माणसाच्या वाटेकडे डोळे लावून राहिली, हे शिक्षकांस सांगावयास नको.

देशाचा इतिहास उंबरठ्यावर

१६४२ साली इंग्लंडात राजा व पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. पाठ्यपुस्तकात ते राजाच्या शिरच्छेदाने लक्षात राहते. गॉफच्या वहीत ते निराळ्या रूपाने येते. मिडल, मार्टन व न्यूटन या तीन ठिकाणांहून वीस माणसे राजाच्या बाजूने लढावयास गेली आणि त्यांपैकी तेरा मेली, असे तो मोजून सांगतो. ती कोणत्या घरची होती, हेही सांगतो. गॉफ शाळकरी मुलगा असताना गावातील लोहाराच्या दुकानाशी घोड्याला नाल ठोकून घेणाऱ्या एका सैनिकी अधिकाऱ्यास गोळी लागली. त्या मरणोन्मुख माणसास मुलाने प्रत्यक्ष पाहिले, आणि अर्धशतकानंतर म्हातारपणी ते लिहून ठेवले.

वीस गेली व तेरा आली नाहीत, हे वाक्य युद्धाचा अर्थ मुलांस जितका कळविते तितका सेनापतींच्या नावांची यादी कळवीत नाही. आपल्या गावातूनही कोणी महायुद्धात गेला असेल, कोणी १९४२ च्या चळवळीत तुरुंग भोगला असेल, कोणी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून मुले जगविली असतील. देशाच्या इतिहासातील प्रत्येक मोठी घटना कोणत्या ना कोणत्या घराच्या उंबरठ्यावर येऊन गेलेली असते. ती तेथे दाखवून दिली म्हणजे पुस्तकातील धडा मुलांच्या मनात रुजतो.

ऐकीव व सिद्ध

गॉफने जे लिहिले ते सर्व जसेच्या तसे खरे मानावे काय? त्याच्या वहीत काही दंतकथाही आहेत. वारशासाठी लहान पुतण्याचा प्राण घेऊन पळालेल्या एका माणसाचा माग डोमकावळ्यांच्या जोडीने ओरडून लावून दिला, अशी कथा त्याने दिली आहे. शिवाय तो ज्या थरात वाढला त्या थराचे ग्रह त्याच्या लिखाणात दिसतात, आणि स्त्रियांचा उल्लेख बहुधा कोणाची मुलगी वा कोणाची पत्नी म्हणूनच येतो.

तथापि डेव्हिड हे या इतिहासकाराने १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मिडलचा पुन्हा अभ्यास केला. इंग्लंडमध्ये १५३८ च्या हुकुमाने प्रत्येक पॅरिशला जन्म, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवणे भाग पडले होते. त्या नोंदी, मृत्युपत्रे आणि मृताच्या घरातील चीजवस्तूंच्या याद्या यांच्याशी त्यांनी गॉफचे लिखाण ताडून पाहिले, आणि ते बहुतांशी विश्वसनीय ठरले. आठवण व कागद ही दोन्ही एकमेकांस ताडून पाहावयाची असतात, हा इतिहासलेखनाचा मूळ नियम आहे. चौथीच्या मुलालाही तो समजू शकतो.

आपल्या गावी

आपल्याकडे चर्चच्या बाकांचा नकाशा नाही. परंतु त्याचे काम देणारी साधने प्रत्येक गावात आहेत. ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, म्हणजे नमुना नंबर ८, हीत घरांची क्रमवार यादी मिळते. तिच्यावरून गल्लीवार नकाशा करून घ्यावा. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ज्या गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली आहे, तेथे तयार नकाशाही उपलब्ध होईल. कोतवाल बुकात जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. फेरफारांवरून जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते कळते.

सर्वांत जवळचे साधन शाळेच्या कपाटातच आहे. शाळेचे जनरल रजिस्टर हा गावाचा एक अमूल्य दस्तऐवज होय. कोणत्या घरातील पहिला मुलगा केव्हा शाळेत आला, पहिली मुलगी केव्हा आली, कोणी कोणत्या इयत्तेतून व कोणत्या कारणाने शाळा सोडली, हे सारे त्यात आहे. ज्या साली एकाच वस्तीतील अनेक मुलांची नावे एकदम कमी झालेली दिसतात, त्या साली गावात काय घडले याचा शोध घेतला तर दुष्काळ, साथ, धरण किंवा स्थलांतर यांपैकी काहीतरी हाती लागते.

घराची वास्तूही वाचता आली पाहिजे. दिंडी दरवाजा, ओसरी, सोपा, माजघर, देवळी, धान्याचे बळद, अंगणातील पेव, परसातील आड, माळवद किंवा कौले, या प्रत्येकाला काही सांगावयाचे असते. पेव असेल तर त्या घरी साठविण्याजोगे धान्य पिकत होते. ओसरीच्या खांबांवर सुंदर नक्षी असेल तर ती कोणत्या सुताराची, हे विचारावे. वाडा धन्याच्या नावाने ओळखला जातो, परंतु तो सुतार, गवंडी, पाथरवट व बेलदार यांच्या हातांनी उभा राहिलेला असतो. त्यांचीही घरे याच गावात होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात गावातील कुणबी, बलुतेदार व अलुतेदार यांचे परस्परसंबंध वर्णिले आहेत. शिक्षकांनी या कामापूर्वी तो अवश्य चाळावा.

गॉफच्या चर्चमधील बाकांप्रमाणेच आपल्या गावठाणाची मांडणीही समतेची नव्हती. वेशीच्या आत कोण व बाहेर कोण, पाणी कोणत्या आडावरून कोणी भरावयाचे, हे जन्मावरून ठरत होते. ही गोष्ट मुलांपासून लपवू नये; पण नोंद करताना कोणाही मुलास खाली मान घालावी लागेल अशा शब्दांत ती मांडू नये. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२० साली घेतला आहे. वहीत वस्तीचे नवे नावच लिहावे. वही गावाच्या मध्यावरील वाड्यापासून सुरू झाली तरी ती शेवटच्या घरापर्यंत पोचलीच पाहिजे, हा नियम मोडू नये.

पाठाची मांडणी

पहिला तास वर्गात घ्यावा. मिडल गावची हकीकत गोष्टीरूपाने सांगून फळ्यावर शाळेभोवतालच्या गल्लीचा नकाशा काढावा. दुसऱ्या तासाला एकाच जुन्या घरास भेट द्यावी. घरमालकाची परवानगी आदल्या दिवशी घ्यावी. चार-चार मुलांचे गट करून एका गटाने घर पाहावे व मोजावे, दुसऱ्याने घरातील वडीलधाऱ्यांस प्रश्न विचारावेत, तिसऱ्याने चित्र काढावे. आजीबाईंना विसरू नये. सासरी आलेल्या स्त्रीला दोन गावांचा इतिहास ठाऊक असतो, पण तिला तो कोणी विचारीत नाही. प्रश्न साधे असावेत : हे घर कोणी बांधले? दगड, लाकूड कोठून आणले? घरात सर्वांत जास्त माणसे केव्हा होती? चूल पहिल्यांदा केव्हा विभागली? वीज केव्हा आली? घरातून बाहेरगावी प्रथम कोण गेले? तिसऱ्या तासाला वर्गात परत येऊन मिळालेली माहिती कागदपत्रांशी ताडावी आणि घराचे एक पान लिहून काढावे. पानावर ‘पाहिले’, ‘कागदात सापडले’ व ‘ऐकले’ असे तीन रकाने ठेवावेत. गुप्तधनाची गोष्ट तिसऱ्या रकान्यात गेली की तिचाही मान राहतो व सत्याचाही.

दक्षता

गॉफने शेजाऱ्यांचे दोष स्पष्ट लिहिले. शाळेने तसे करू नये. त्याची वही त्याच्या हयातीत घरातच राहिली. शाळेची वही गावापुढे राहणार आहे. भाऊबंदकीचे वाद, कर्जे, व्यसने, हद्दींचे तंटे व खाजगी दुःखे यांत शिरू नये. हयात व्यक्तींविषयी त्यांच्या संमतीवाचून काही लिहू नये. ही वही मालकीचा पुरावा नव्हे, असे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहावे. मोडकळीस आलेल्या भिंतींजवळ व उघड्या आडांजवळ मुलांस जाऊ देऊ नये.

विलंब का नको

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी व आसपासच्या गावांतील जाड दगडी भिंतींची व मातीच्या जड धाब्यांची जुनी घरे काही क्षणांत कोसळली आणि हजारो माणसे त्यांखाली गेली. पुढे गावे नव्या जागी वसली. नवी घरे सरळ ओळींत उभी राहिली. परंतु जुन्या गल्लीत कोणाच्या शेजारी कोण राहत होते, पाराशेजारचे घर कोणाचे, हे आता केवळ वाचलेल्यांच्या आठवणीत आहे. इतरत्र भूकंप न होताही तेच घडत आहे. वाडा पडतो, वासे व कोरीव दरवाजे विकले जातात, वारस शहरात असतात, आणि त्या घराविषयी जाणणारी शेवटची वृद्धा एके दिवशी निघून जाते. घराची डागडुजी शाळेच्या हाती नाही. पण त्याची हकीकत लिहून ठेवणे हाती आहे.

वर्षभरात दहा घरे झाली तरी पुष्कळ झाले. वही बांधून घ्यावी, तिच्या पानांस क्रमांक द्यावेत, प्रत्येक पानाखाली लिहिणाऱ्या मुलांची नावे व तारीख घालावी, आणि शाळेच्या दफ्तराच्या यादीत तिची नोंद करावी. शिक्षकाची बदली झाल्यावर जनरल रजिस्टराबरोबर ही वहीही चार्जमध्ये पुढच्या शिक्षकाकडे सोपवावी, म्हणजे त्याला अकराव्या घरापासून काम पुढे नेता येईल.